भोंगा सातचा, भरती साडेसातची

बोईसर

ज्यांनी आमच्या बाजूचा किनारा आजवर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांनी पाहिला आहे त्यांनी वाचू नये. ते चुका काढतील.

जाहिरातीत छापलं होतं, 'तीन दिवसांची भव्य माउंटन बाइक शर्यत, बोईसर ते माकुणसार, समुद्रकिनाऱ्याने'. यात डोंगर कुठे आहे, असं मी समितीला विचारलं. समिती म्हणजे आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसचे, म्हणजे हजेरी खात्याचे, प्रमुख सबनीस. बाकीचे सभासद सह्यांपुरते. सबनीस म्हणाले, "डोंगर नाही. सायकल डोंगराची."

डोंगराची सायकल म्हणजे जाड टायरची, सरळ दांड्याची, गिअरवाली. नव्वद साल उजाडलं तरी अशा सायकली आमच्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीत मोजून तीन होत्या आणि नावं आली नऊ जोड्यांची, म्हणजे सायकली हव्या अठरा. तेव्हा समितीने ठराव केला की जिचं चेनकव्हर काढलेलं आहे ती माउंटन बाइक समजावी. आदल्या दिवशी वसाहतीत पंधरा चेनकव्हरं निघाली. शर्यत माकुणसारला संपवायचं कारण विचाराल तर सबनिसांची सासुरवाडी तिथली. याहून भक्कम कारण मलाही सुचलं नसतं.

मी बिराजदार, बॉयलर खात्यातला ऑपरेटर. गाव जत तालुक्यात. आमच्याकडे पाण्याला भरती येत नाही, कारण पाणीच येत नाही. नोकरीसाठी बोईसरला आलो त्याला नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत समुद्र मी चारदा पाहिला होता, चारही वेळा पाहुण्यांना दाखवायला म्हणून. सायकल शर्यतीत भाग घ्यावा असं माझ्यात काही नव्हतं. घेतला तो जनरल शिफ्टसाठी.

हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझी पाळी दर आठवड्याला बदलायची. फर्स्ट, सेकंड, नाइट. माझी बायको शैला दवाखान्यात नर्स आहे, तिची पाळी दर पंधरवड्याला बदलायची. मी घरी येई तेव्हा ती गेलेली असे किंवा झोपलेली असे, आणि ओट्यावर माझं ताट झाकून ठेवलेलं असे. तिच्यासाठी मीही ठेवत असे, फक्त माझ्या पोळ्यांना नकाशे म्हणावं लागे. नऊ वर्षं आमचा संसार झाकलेल्या ताटांवर चालला होता. भांडण करायचं तरी चिठ्ठी लिहावी लागे, आणि उत्तर येईपर्यंत राग निघून जाई. लोक म्हणत, किती गुण्यागोविंदाने राहता.

तर आमच्या खात्यात जनरल शिफ्टची एक जागा निघाली. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच, रोज, बारा महिने. मी साहेबांकडे अर्ज घेऊन गेलो. साहेबांना तेव्हा शर्यतीचं वेड लागलं होतं. ते म्हणाले, "बॉयलर खात्याला शिल्ड आणून दे, जागा तुझी." वर आपल्या मुलाची गिअरची सायकल दिली. मुलगा बारावीला होता म्हणून ती जप्त होती.

शैलाला हे मी चिठ्ठीत कळवलं. दुसऱ्या दिवशी ताटाखाली उत्तर होतं, 'शिल्ड आण. जाण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घे.'

जोडीला मिळाला मोरेश्वर. हा माझ्याच खात्यातला, दांडी गावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याच्याकडे काळी जुनी सायकल होती. तिच्या कॅरिअरला मासळीच्या पाटीचा वास इतका मुरलेला की कुत्री चाक हुंगत मागे येत. नियम असा की जोडीतला दुसरा माणूस पोहोचेल ती जोडीची वेळ. तीन दिवसांची बेरीज जिची कमी तिला शिल्ड. मोरेश्वरला जनरल शिफ्ट नको होती. "दर्या काय जनरलमदे चालते?" तो म्हणाला. "मना शिफ्टच बरी. मदल्या टायमाला होडीवर जाता येते." तो का येत होता विचाराल, तर पहिला मुक्काम दांडीला होता आणि तेवढंच त्याला घरी जायला मिळत होतं.

शुक्रवारी सकाळी सातला पहिल्या पाळीचा भोंगा झाला आणि आम्ही निघालो. तिन्ही दिवशी निघायची वेळ सातचीच होती. टाइम ऑफिसला दुसरी वेळ सुचत नाही.

चिंचणीपर्यंत डांबरी रस्ता, तासाभराचं काम. मग सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो आणि सगळी शर्यत एकदम थांबली. किनारा नव्हता. पाणी सुरूंच्या मुळांपासून दहाबारा पावलांवर होतं आणि मध्ये उरली होती ती कोरडी, भुसभुशीत वाळू. सायकल त्यात घातली की उभी राहते, स्टँडशिवाय. पॅकिंग खात्याचा रामसुमेर गेल्या रविवारी पाहणीला जीपवर होता. तो बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाला, "समंदर उस दिन तो उधर था."

सबनीस जीपमधून उतरले. रविवारी आठ वाजता त्यांनी याच जागी वाळूवर जीप पळवली होती. वाळू डांबरासारखी होती. त्यांनी तसं वहीत लिहून, सही करून, शिक्काही मारला होता. "रविवारी होता की इथे किनारा," ते म्हणाले. आवाजात तक्रार होती, पण कोणाकडे करायची ते ठरत नव्हतं.

मी मोरेश्वरला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हां."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कोनी?"

त्याच्या मते एका झाडाखाली बसायला हवं होतं. मी म्हटलं, शर्यत आहे, बसायचं काय. साडेतीन तास आम्ही सायकली ढकलल्या. शेवटी शेवटी सायकल आम्हाला ढकलते आहे असं वाटू लागलं. माझे पाच गिअर होते, त्यांत वाळू जाऊन तारापूरपर्यंत एकच उरला. पुढे वीज केंद्राच्या कुंपणापाशी किनारा सोडून आतल्या रस्त्याला लागायचं होतं. तिथे वळताना मागे पाहिलं. पाणी लांब गेलं होतं आणि ओली, कडक वाळू सबनिसांनी लिहिल्याप्रमाणे शिक्क्यासकट पसरली होती.

दांडी

दांडीला पोहोचलो तेव्हा एक वाजला होता. नवांत आमचा नंबर सहावा. बाकीचे शाळेत उतरले, मी मोरेश्वरच्या घरी.

चुलीवर कालवण शिजत होतं. सहा तास वाटेत काढलेल्या माणसाला ओल्या बोंबलाच्या कालवणाचा वास काय करतो ते सांगत नाही. मोरेश्वरची बायको हिरावहिनी म्हणाली, "भावजी, तुमी बसा जेवाया. आमी नंतर बसू."

घरात दुसरं कोणीच बसायच्या तयारीत दिसेना. मी आमच्याकडच्या रीतीने म्हटलं, "नको नको, बसू की सगळे बरोबर." आमच्याकडे असं म्हटलं की यजमान दोनदा आग्रह करतो, तिसऱ्या वेळी हाताला धरून पाटावर बसवतो. मी मनातून पाटावर बसलोच होतो.

"बरं," हिरावहिनी म्हणाली आणि तिने कालवण चुलीवरून बाजूला ठेवलं.

इथे नको म्हणजे नको. ही रीत किती सरळ आणि किती वाईट आहे ते मला पुढच्या साडेचार तासांत कळलं. मोरेश्वरचा मोठा भाऊ होडी घेऊन गेला होता. होडी लागल्याशिवाय त्या घरात पानं मांडत नाहीत. दोन वाजले, तीन वाजले. मोरेश्वर झोपला. त्याची आई जाळं घेऊन बसली होती, ती म्हणाली, "पानी चडंल तवा येल." मी अंगणात बसून वाळत घातलेले बोंबील मोजले. चारशेबारा झाल्यावर सोडून दिलं.

साडेपाचला होडी लागली. भाऊ आला, पाय धुतले आणि अकरा माणसं एका ओळीत बसली. तांदळाची भाकरी, कालवण, भात. दुपारचं म्हणावं तर संध्याकाळ होत आली होती, रात्रीचं म्हणावं तर ऊन होतं.

"रोज असंच?" मी विचारलं.

हिरावहिनी म्हणाली, "कदी सकालचे धाला, कदी आसं. आमचं जेवान घड्यालात नाय, भावजी, होडीत हाय."

"आणि भूक?"

"ती पन थांबते. तिला म्हाईत हाय."

जेवल्यावर मोरेश्वरने मला तो हिशोब सांगितला. तिथीचा पाऊणपट करायचा, ती भरतीची वेळ. आज अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती, मधे बाराच्या सुमारास पुरती ओहोटी. उद्या नवमी, पावणेसात. परवा दशमी, साडेसात. "गेल्या आयतवारी तीज होती. सव्वादोनला भरती, सव्वाआठला सुकती. सबनीस सायबांस्नी रस्ता घावला. आज कसा घावंल?"

ज्या कामाला टाइम ऑफिसात सात माणसं आणि एक पंचिंग मशीन लागतं ते कोळ्याच्या बोटावर होत होतं. मला फार आनंद झाला. माझ्या हाती काहीतरी आलं होतं.

"दर्या रोज पाऊन तास लेट येतो," मोरेश्वर म्हणाला. "त्याला कोन मेमो देनार?"

शिरगाव

शनिवारी सातला सबनिसांनी शिट्टी वाजवली. दांडीहून नवापूरला खाडी होडीने ओलांडायची. भरतीमुळे होडी थेट पायरीला लागली. इथवर समुद्र समितीच्या बाजूने होता. नवापूरला उतरल्यावर त्याने पुन्हा बाजू बदलली.

आठ जोड्या मुकाट्याने सायकली ढकलू लागल्या. मोरेश्वर मला आलेवाडीत त्याच्या मावशीकडे घेऊन गेला. तिथे त्याने चहा घेतला आणि ओटीवर आडवा झाला. मी अंगणाच्या कुडापाशी उभा होतो. समोरून एकेक जोडी वाळूतून धापा टाकत जात होती. टाइम ऑफिसची जोडी गेली. दोघेही कारकून, दोघेही चष्मेवाले, आदल्या दिवशी पहिले आलेले. त्यांनी मला हात केला. मीही केला. माणूस आपली जनरल शिफ्ट अशी डोळ्यांदेखत वाळूतून जाताना पाहतो तेव्हा दुसरं काय करणार.

मी मोरेश्वरला चारदा उठवलं. चारही वेळा त्याने एक डोळा उघडून पाण्याकडे पाहिलं आणि तो मिटला. मावशी म्हणाली, "निजू दे त्याला. तो उटला म्हंजे पानी गेलं समज."

पावणेअकराला तो उठला. पाणी गेलं होतं.

त्यानंतरच्या दीड तासाबद्दल मला नीट लिहिता येणार नाही, आणि थट्टाही करवणार नाही. ओली वाळू आरशासारखी, तिच्यात आभाळ. चाकाला आवाज नाही. डाव्या हाताला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, उजव्या हाताला समुद्र, इतका लांब की माझ्याशी त्याचं काही देणंघेणं नसल्यासारखा. एकच गिअर होता, तो पुरला. मी जतचा माणूस, वय वर्षं छत्तीस, पायडल मारता मारता मोठ्याने गात होतो. नऊ वर्षं हे सगळं माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होतं. शैलाने ते एकदाही पाहिलेलं नव्हतं, या विचाराने गाणं मधेच थांबलं.

नांदगावला पाच जोड्या मागे टाकल्या. मुरब्याला उरलेल्या तीन भेटल्या. त्या बसल्या होत्या, पण थकून. मुरब्याहून सातपाटीला पहिली होडी आमची. शिरगावला आम्ही पहिले आलो. सबनिसांनी बेरीज तीनदा केली. दोन दिवस मिळून बॉयलर खातं पहिलं आणि टाइम ऑफिस चार मिनिटांनी मागे.

मुक्काम शाळेत होता. संध्याकाळी किल्ला बघायला गेलो. लहानसा, भक्कम किल्ला आहे. बुरुजावरून समुद्र दिसतो आणि आत एक ताडासारखं झाड आहे, त्याला चक्क फांद्या फुटलेल्या. ताडाला फांद्या नसतात हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. बाकीचे झाड बघत होते, टाइम ऑफिसची जोडी मोरेश्वरला बघत होती.

"मोरेश्वरभाऊ," एक चष्मा म्हणाला, "उद्या कसं काय करायचं?"

"बसायचं तवा बसायचं," मोरेश्वर म्हणाला. "उटायचं तवा उटायचं."

त्यांनी ते लिहून घेतलं.

सबनिसांना एव्हाना भरतीचं गणित कळलं होतं. मी सुचवलं की उद्या दहाला निघू. ते म्हणाले, "पत्रिकेत सात छापलंय."

झोपताना मी हिशोब केला. उद्या रविवार. शैलाची सकाळची पाळी, अडीचला ती घरी येणार. माझी नाइट, अकराला. म्हणजे उद्या दुपारपासून रात्रीपर्यंत आम्ही दोघंही घरात, असा दिवस गेल्या दोन महिन्यांत आला नव्हता. शिल्ड घेऊन जायचं, मग असे दिवस रोजच येतील. चार मिनिटं हातात होती. मला वाटतं मी हसतच झोपलो.

माकुणसार

रविवारी सातला शिट्टी झाली. मोरेश्वर किनाऱ्यावर आला आणि एका सुरूखाली बसला. मी बसलो. टाइम ऑफिसची जोडी बसली. मग बाकीच्या सातही जोड्या बसल्या. अठरा माणसं सायकली आडव्या टाकून शेंगदाणे खात होती आणि सबनीस मधे उभे राहून शिट्टी वाजवत होते. शर्यत जाहीर सुरू झालेली होती. फक्त जागची हलत नव्हती.

दहाला मोरेश्वरने पँट झटकली. अठरा सायकली एकदम उठल्या.

माहीम (मुंबईतलं नव्हे) गेलं, केळवं गेलं. आम्ही पुढे होतो, टाइम ऑफिस आठदहा मिनिटं मागे. केळव्याच्या पुढे माकुणसारच्या वाटेवर खाडी आडवी येते. वरच्या अंगाला पूल आहे, पण समितीने पूल बाद केला होता, पुलावरून जाण्यात साहस नाही म्हणून. खाडी पायी उतरायची, सायकल खांद्यावर घेऊन. पलीकडे गेलं की माकुणसार वीस मिनिटांवर.

आम्ही काठावर आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पाणी मांडीभर दिसत होतं. पलीकडचा काठ एवढा जवळ की तिथली बकरी मला ओळखू येत होती. एक म्हातारी बाई पाटी घेऊन अलीकडे बसली होती. दगडांवरची कालवं, म्हणजे शिंपलेच, काढायला आली असावी, पण तीही नुसती बसली होती.

मोरेश्वरने सायकल आडवी केली, फडकं सोडलं आणि भाकरी काढली.

"किती वेळ?" मी विचारलं.

"दगड दिसतील तवा. येक वाजंल."

इथे मला माझं शहाणपण आठवलं. मी म्हटलं, "आज दशमी. दहाचे पाऊणपट साडेसात. भरतीला चार तास झाले. पाणी गेलंच समज."

"तो हिशोब दर्याचा. खाडी दर्याच्या मागशी चालते. आनि पानी गेलं तरी चिकल ऱ्हातो. बस. भाकर खा."

वाचकांनी आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी, जी मला त्या वेळी घेता आली नाही. टाइम ऑफिसवाले मागून आले असते, आमच्याशेजारी बसले असते आणि दगड दिसल्यावर सगळे मिळून पलीकडे गेलो असतो, तरी चार मिनिटांनी शिल्ड आमचंच होतं. जिंकण्यासाठी मला भाकरी खाण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. पण नऊ वर्षं भोंगा झाला की उठणाऱ्या माणसाला बसून जिंकता येतं हे पटत नाही. मागे वळून पाहिलं तर वाळूवर दोन चष्मे चमकत होते. मी साहेबांच्या मुलाची सायकल खांद्यावर घेतली आणि उतरलो.

"जाऊ नको," मोरेश्वर म्हणाला. तो ओरडला नाही. भाकरी तोडता तोडता म्हणाला.

पहिली पंधरा पावलं छान गेली. सोळावं गेलं ते गेलंच. गुडघा गेला, मग दुसरा. सायकल खांद्यावरून उतरवून तिच्या आधाराने वर येऊ म्हटलं, तर सायकल खाली गेली आणि मी तिच्यामागे. हालचाल केली की आणखी दोन बोटं खाली, म्हणून मी हालचाल बंद केली. कमरेपर्यंत चिखल, त्यावर वीतभर पाणी आणि पाण्यावर सायकलचं सरळ हँडल, अशी आमची स्थिती होती.

काठावरून म्हातारीने विचारलं, "कोनाचा हाय रे तो?"

"आमचाच हाय," मोरेश्वर म्हणाला.

"बुडंल का?"

"नाय. पानी उतरतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बिराजदार, हालू नको. आलो."

आला म्हणजे भाकरी संपवून आला नाही, हे सांगितलं पाहिजे. भाकरी त्याने तशीच टाकली. पण माझ्यापर्यंत यायला त्यालाही वाट नव्हती. तो आणि म्हातारी मिळून सुरूच्या फांद्या ओढून आणू लागले.

एवढ्यात टाइम ऑफिसची जोडी आली. त्यांनी मला पाहिलं. मग मोरेश्वरची सोडलेली शिदोरी पाहिली, सायकल आडवी पाहिली आणि ते दोघे शिदोरीशेजारी शांतपणे बसले. पाऊण वाजून गेल्यावर माझ्या डावीकडे दहा हातांवर एक काळा दगड वर आला. मग दुसरा. मग पार पलीकडच्या काठापर्यंत दगडांची सरळ रांग उघडी पडली, गावातल्या लोकांनी कधीकाळी मांडून ठेवलेली.

"मोरेश्वरभाऊ, जाऊ?" चष्म्याने विचारलं.

मोरेश्वर फांदी घेऊन चिखलात उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला नाही म्हणता आलं असतं. ते बसलेच असते.

"जावा," तो म्हणाला.

ते दगडांवरून कोरड्या बुटांनी गेले. जाताना दोघांनीही मला, "काय बिराजदार," म्हटलं. मी म्हटलं, "चाललंय." माझ्या जोडीदारावर माझ्यापेक्षा त्यांचा जास्त विश्वास होता, आणि शिल्ड त्यांना त्याबद्दल मिळालं असं मला आजही वाटतं.

त्यानंतर मला बाहेर काढायला पंधरा मिनिटं लागली, सायकल काढायला पाऊण तास. म्हातारी मला म्हणाली, "इतकी घाई कनाची व्हती?" घरी बायकोबरोबर जेवायचं होतं, एवढंच खरं कारण होतं, पण कमरेपर्यंत चिखल माखलेल्या माणसाने ते कसं सांगावं.

माकुणसारला आम्ही पाचवे पोहोचलो. सबनिसांच्या सासऱ्यांच्या अंगणात मांडव होता. शिल्ड टाइम ऑफिसला गेलं. ते लोक जन्मापासून जनरल शिफ्टला असतात. आमचे साहेब जीपने आले होते. त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालायचंच." मुलगा बारावी झाला तरी त्यांनी ती सायकल परत मागितली नाही.

परतीच्या टेम्पोत मी मोरेश्वरला म्हटलं, "माझं चुकलं."

"हां," तो म्हणाला. मग बोईसर जवळ आल्यावर, "वयनी घरी हायत ना आज? मंग जा लवकर."

घरी पोहोचलो तेव्हा पाच वाजले होते. शैला दारातच होती. तिने मला बाहेरच उभं करून दोन बादल्या पाणी ओतलं, पायांवरच्या जखमा पाहिल्या आणि म्हणाली, "इंजेक्शन घेतलं होतंस ना?"

"हो."

"जनरल?"

"टाइम ऑफिसला शिल्ड मिळालं."

"ते तर जनरललाच असतात."

"हो."

तिने रडावं किंवा रागवावं असं मला वाटत होतं, पण समोरासमोर भांडायची सवय आमची दोघांचीही गेली होती. मी आत आलो. ओट्यावर ताट झाकलेलं होतं.

"तू जेवलीस?"

"आल्यावर खाल्लंच नाही. तू कधी येशील ठाऊक नव्हतं. तुझं आधी झाकून ठेवलं, मग वाटलं थांबावं जरा." ती थोडी ओशाळली होती, जशी काही चूक करताना सापडली.

मी झाकण काढलं. चार पोळ्या, वांग्याची भाजी, भात, आमटीची वाटी. मी फडताळातून दुसरं ताट घेतलं, दोन पोळ्या त्यात टाकल्या आणि भाजी अर्धी केली. आम्ही जमिनीवर समोरासमोर बसलो. संध्याकाळचे सव्वापाच. ते कुठलं जेवण होतं ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिला दांडीच्या घराबद्दल सांगितलं, होडी लागल्यावरच बसणाऱ्या अकरा माणसांच्या ओळीबद्दल, थांबायची सवय असलेल्या भुकेबद्दल, ओल्या वाळूबद्दल. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "तू जेवताना बोलतोस हे मला माहीत नव्हतं."

याला आता सहा महिने झाले. जनरलची जागा ज्येष्ठतेने दुसऱ्याला गेली. समितीने पुन्हा शर्यत घेतली नाही. पाळ्या बदलतात तशा बदलतात. ओट्यावर ताटं मात्र आता झाकलेली नसतात. जो घरी असतो तो थांबतो, झोपला असेल तर उठतो. शैलाला सुट्टीच्या दिवशी मी आलेवाडीला नेलं, पण तिथी बघून नेलं.

परवा तिची नाइट होती. सकाळी पावणेआठला मी पहिल्या चहाच्या तयारीत होतो. जिन्यावर चपला वाजल्या आणि अर्ध्या जिन्यातूनच तिचा थकलेला आवाज आला.

"होडी लागली."

मी चहा उतरवला, भात टाकला आणि दोन पानं मांडली.